डिस्कवर थेट छापलेलं लेबल ओल्या बोटानं पुसलं जातं, उपाय काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ध्वनिमुद्रणांच्या सीडी आणि डीव्हीडी बऱ्याच संख्येनं तयार करायच्या आहेत आणि लेबल इंकजेट प्रिंटरनं थेट डिस्कवर छापायचं आहे. छापल्यावर दिसतं सुरेख, पण घामट बोट लागलं की अक्षरं पसरतात आणि एकावर एक ठेवलेल्या डिस्क चिकटतात. तर वरून पारदर्शक स्प्रे मारावा, शाई बदलावी, की सरळ कागदी स्टिकर लावावा?

मी हे काम बरीच वर्षं करतो आहे आणि या तिन्हींपैकी एकही उपाय मी पहिला सांगणार नाही. आधी डिस्क बदला. छपाई किती टिकणार याचा निकाल बहुतेक वेळा डिस्क विकत घेतानाच लागलेला असतो. शाई, सेटिंग, सुकवण, स्प्रे यांनी थोडाफार फरक पडतो, पण पृष्ठभागच चुकीचा असेल तर त्यातलं काहीही पुरं पडत नाही.

इंकजेटसाठीच्या म्हणजे ‘प्रिंटेबल’ डिस्कवर लॅकरच्या, म्हणजे पातळ संरक्षक लेपाच्या, वर शाई शोषणारा आणखी एक थर दिलेला असतो. ज्या डिस्कवर कंपनीचं नाव-बोधचिन्ह छापलेलं असतं आणि बाकीचा भाग गुळगुळीत चकाकतो, तिच्यावर इंकजेटची शाई थेंबाथेंबानं गोळा होऊन बसते आणि दिवसेंदिवस ओलीच राहते. तिच्यावर काहीही करून छापण्याचे प्रयोग करू नका.

प्रिंटेबल डिस्कमध्ये मुख्य प्रकार दोन. पहिला पांढरा मॅट. हा सर्वात सहज मिळतो. त्याचा थर ओलावा ओढून घेतो, त्यामुळे शाई पटकन मुरल्यासारखी वाटते. घरगुती आणि फोटो प्रिंटरांची बहुतेक शाई डाय प्रकारची, म्हणजे रंगद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं. पाणी उडून गेलं की आपण म्हणतो सुकलं, पण रंग त्या थरात मोकळाच असतो. पुन्हा ओलावा मिळाला की तो पुन्हा विरघळतो आणि बोटाबरोबर सरकतो. म्हणून मॅट डिस्कवरची छपाई महिनाभर सुकवली तरी ओल्या बोटानं पसरतेच. सुकवण्यात तुमचं काही चुकलेलं नाही, त्या पृष्ठभागाची मर्यादाच ती आहे.

दुसरा प्रकार जलरोधक ग्लॉसी. यात थर अतिसूक्ष्म छिद्रांचा असतो. शाई छिद्रांमध्ये खेचली जाते आणि रंग तिथंच धरला जातो. छापून बाहेर आल्यावर काही मिनिटांतच पृष्ठभाग हाताला कोरडा लागतो आणि नीट सुकू दिल्यावर पाण्याचा थेंब पडला तर टिपून घेता येतो. रंगही जास्त गडद आणि फोटोसारखे येतात. ताइयो युदेन कंपनीच्या ‘वॉटरशील्ड’ डिस्कनी हा प्रकार लोकप्रिय केला. ती कंपनी २०१५ च्या अखेरीस ऑप्टिकल डिस्कच्या धंद्यातून बाहेर पडली आणि ते तंत्र सीएमसी मॅग्नेटिक्सकडे गेलं. आता त्या डिस्क ‘सीएमसी प्रो’ नावानं येतात. व्हर्बॅटिमच्या ‘अ‍ॅक्वाएस’ डिस्कही याच जातीच्या. वेष्टनावर फक्त ‘ग्लॉसी’ लिहिलेलं पुरेसं समजू नका. काही डिस्क नुसत्याच चकचकीत असतात, पाणी रोखत नाहीत. ‘वॉटर रेझिस्टंट’ हे शब्द स्पष्ट लिहिलेले हवेत, आणि तरीही मोठा गठ्ठा घेण्याआधी दोन-चार डिस्कवर खाली दिलेली चाचणी करा. एका कामासाठी लागणाऱ्या सगळ्या डिस्क एकदमच घ्या. वेगवेगळ्या लॉटच्या थरात फरक असतो आणि पांढऱ्याची छटाही बदलते. एकाच संचातल्या डिस्क शेजारी ठेवल्या की ते लगेच डोळ्यांत भरतं.

आता शाई. लोक सहज म्हणतात, पिग्मेंट शाई वापरा, ती जलरोधक असते. कागदावर ते खरं आहे. पिग्मेंट म्हणजे पाण्यात न विरघळणारे घन कण. कागदाच्या तंतूंमध्ये ते अडकतात आणि पाण्यानं हलत नाहीत. उजेडातही ते डायपेक्षा जास्त टिकतात. पण सूक्ष्म छिद्रांच्या ग्लॉसी थरात हे कण आत शिरू शकत नाहीत, वरच साचतात आणि कोरड्या घासण्यानंही निघतात. त्यामुळे जलरोधक ग्लॉसी डिस्कला डाय शाईच योग्य. मॅट डिस्क आणि पिग्मेंट ही जोडी मात्र जमू शकते; पाण्याला ती बरी तोंड देते, फक्त नखानं खरवडू नये. डिस्कचा ट्रे असलेले बहुतेक प्रिंटर, उदाहरणार्थ एप्सनचे एल८०५ आणि एल८०५०, डाय शाईचेच आहेत, त्यामुळे ही निवड बऱ्याचदा आपोआप होते. कॅननच्या काही प्रिंटरांत दोन काळ्या शाया असतात, साध्या कागदासाठी पिग्मेंट आणि फोटोसाठी डाय. तिथं मीडिया प्रकारात ‘प्रिंटेबल डिस्क’ निवडायला विसरू नका, कारण कुठली काळी वापरायची हे प्रिंटर त्यावरून ठरवतो. स्वस्त पर्यायी शाईबद्दल माझं मत कडक आहे: कच्च्या प्रतीसाठी चालेल, ज्या डिस्क लोकांच्या संग्रहात जाणार आहेत त्यांच्यासाठी वापरू नका. कुठला रंग आधी उडेल आणि सुकायला किती वेळ लागेल याचा त्यात भरवसा नसतो.

स्टिकरचा प्रश्न इथंच निकालात काढतो, कारण त्यात डिस्कच्याच जिवाला धोका आहे. सीडीची एकूण जाडी १.२ मिलिमीटर. तिच्यात जवळजवळ सगळी जाडी खालच्या, म्हणजे वाचायच्या बाजूच्या पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. माहितीचा आणि परावर्तक धातूचा थर अगदी वर, लेबलच्या लगेच खाली, फक्त पातळ लॅकरनं झाकलेला असतो. लेबलची बाजू दणकट आणि चकचकीत बाजू नाजूक असं वाटतं, पण सीडीत ते उलट आहे. खालचा बारीक ओरखडा पॉलिश करून काढता येतो. वरचा ओरखडा लॅकर फाडून धातूपर्यंत गेला की माहिती कायमची गेली. चिकटवलेला कागद सोलून काढताना नेमकं हेच होतं. लॅकरसकट धातू निघून येतो आणि डिस्क आरपार दिसू लागते.

डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन तबकड्यांच्या मध्ये असतो, म्हणून तिथं खरवडण्याची भीती कमी. पण तिचे ट्रॅक ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असतात, सीडीचे १.६ वर, आणि त्यामुळे डीव्हीडीला जराही वाकणं सहन होत नाही. कागद हवेतल्या दमटपणानं ताणतो, कोरड्या हवेत आखडतो, आणि त्याच्या ओढीनं तबकडी किंचित वाटीसारखी होते. लावल्या दिवशी डिस्क चालते आणि पुढे केव्हातरी बाहेरच्या कडेचा भाग वाचणं बंद होतं. ब्लू-रेचे ट्रॅक ०.३२ मायक्रोमीटरवर, म्हणजे तिथं हा प्रश्न आणखी बिकट. शिवाय स्टिकर केंद्रापासून केसभर सरकला तरी तोल जातो. वेगवान ड्राइव्हमध्ये डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. त्या वेगाला असमतोल म्हणजे थरथर आणि उष्णता, आणि उष्णतेनं सुटलेली कागदाची कड ड्राइव्हमध्ये अडकते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २००३ साली डिस्क हाताळण्याबद्दल जी मार्गदर्शिका काढली तिच्यातही जपून ठेवायच्या डिस्कना चिकट लेबल लावू नये असंच सांगितलं आहे.

तर जलरोधक ग्लॉसी डिस्क आणि डाय शाई, हे ठरलं असं धरू. पुढचा टिकाऊपणा डिझाइनमध्ये असतो आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. थर ठरावीक प्रमाणातच शाई धरू शकतो. संपूर्ण डिस्क काळ्या किंवा गर्द निळ्या रंगानं भरली तर जादा शाई वर तरंगते, उशिरा सुकते, चिकट राहते आणि बोटांचे ठसे घेते. मी शक्यतो पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी ठेवतो आणि गडद रंग अक्षरांपुरते वापरतो. गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं टाळा. भोवतालची शाई किंचित पसरली तरी ती बुजतात.

देवनागरी मजकूर असेल तर आणखी काळजी हवी. लहान आकारात ‘क्ष’, ‘ष्ट्र’, ‘द्ध’ अशा जोडाक्षरांची पोटं शाईनं भरतात आणि अनुस्वार मात्रेला चिकटतो. गायकांची नावं, रागांची नावं यात अशी अक्षरं असतातच. म्हणून ८ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि एकसारख्या जाडीचा, मोकळा फॉन्ट घ्या. ज्याच्या उभ्या रेघा जाड आणि आडव्या केसासारख्या असतात असा नको. डिस्क गोल म्हणून मजकूर गोलाकार बसवायचा मोह होतो. वरच्या कमानीवर अक्षरं डोक्याकडे फाकतात आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. खालच्या कमानीवर, अक्षरं सुलटी ठेवली तर, डोकी एकमेकांत घुसतात. काही सॉफ्टवेअर वळणावर जोडाक्षरंही फोडतात. देवनागरी सरळ ओळींतच ठेवा, मधल्या छिद्राच्या वर आणि खाली.

मापं अशी: डिस्कचा व्यास १२० मिलिमीटर, मधलं छिद्र १५ मिलिमीटरचं. छापण्याजोगा भाग बाहेरून साधारण ११८ मिलिमीटरपर्यंत असतो. आतून साध्या प्रिंटेबल डिस्कवर तो साधारण ४६ मिलिमीटरपासून सुरू होतो, ‘हब प्रिंटेबल’, म्हणजे मध्याजवळपर्यंत छापता येणाऱ्या, डिस्कवर २२-२३ मिलिमीटरपासून. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये आतला आणि बाहेरचा व्यास तुमच्या डिस्कप्रमाणे भरा. थराच्या बाहेर पडलेली शाई सुकतच नाही, हाताला लागते आणि तिथून सगळीकडे पसरते. पुसल्या जाणाऱ्या छपाईच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एवढंच असतं: कडेची अर्धा मिलिमीटर ओली शाई. मी सॉफ्टवेअरला बाहेरचा व्यास ११६ किंवा ११७ देतो, थोडी पांढरी कड राहू देतो. हब प्रिंटेबल डिस्क असली तरी मध्यभागी गडद रंग भरत नाही, कारण ड्राइव्हची पकड तिथं बसते आणि अर्धवट सुकलेल्या शाईवर तिचा वण उठतो. चित्र ३०० डीपीआयला १४१७ पिक्सेल रुंद-उंच असलं की पुरे.

छापण्याआधी नोझल चेक, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं मोकळी आहेत ना याची चाचणी. मग एकदा कागदावर किंवा वाया गेलेल्या डिस्कवर छापून केंद्र जुळतं का पाहा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मिलिमीटरच्या अंशांत उजवी-डावी आणि वर-खाली दुरुस्ती करता येते. ट्रे प्रिंटरनं मागितल्यावरच घाला, आधी घातलात तर तो वाकडा ओढला जाऊ शकतो. ट्रेवर साचलेली शाई ओल्या कापडानं पुसत चला, नाहीतर ती डिस्कच्या खालच्या बाजूला लागते. शाईच्या प्रमाणाचं सेटिंग असेल तर मूळ सेटिंगवर एक आणि एक-दोन पायऱ्या खाली आणखी एक अशा दोन डिस्क छापून शेजारी ठेवा. ग्लॉसी डिस्कवर कमी शाईतही रंग पुरेसे गडद येतात, आणि कमी शाई म्हणजे लवकर आणि पक्की सुकवण.

आधी राइट करावं, म्हणजे डिस्कवर ध्वनिमुद्रण उतरवावं, की आधी छापावं? आधी राइट करा, तपासून घ्या, मग छापा. अर्धवट सुकलेल्या शाईची डिस्क ड्राइव्हच्या उष्णतेत आणि वेगात घालणं ड्राइव्हलाही बरं नाही आणि छपाईलाही नाही. शिवाय छापताना खालच्या बाजूला लागलेला ठसा किंवा धूळ राइट करताना आड येते. बिघडलेली डिस्क न छापता बाजूला पडते हा वरचा फायदा. तिला फेकू नका, चाचण्यांना तीच लागते. ड्राइव्हमधून काढलेली डिस्क गरम असते, थोडी निवू द्या आणि फक्त कडेनं धरा. छापायच्या पृष्ठभागावर बोटाचं तेल लागलं तर तिथं शाई धरत नाही आणि ठशाचा आकार छपाईत उमटतो.

सुकवणं म्हणजे नुसता हाताला कोरडी लागण्याची वाट बघणं नव्हे. शाईत पाण्याबरोबर ग्लिसरीन आणि ग्लायकॉल असतात, नोझल सुकून बंद पडू नयेत म्हणून. पाणी मिनिटांत उडतं, ही द्रव्यं तासन् तास रेंगाळतात. तेवढ्यात डिस्क रचून ठेवल्या की त्या एकमेकींना चिकटतात, किंवा बंद पाकिटात प्लॅस्टिकवर धूसर पापुद्रा जमतो. सुट्या, सपाट, छापील बाजू वर करून, धूळ न येणाऱ्या खोलीत पूर्ण एक दिवस ठेवा. हवा दमट असेल तर दोन. पंख्याची हलकी हवा चालते. केस वाळवायचा ड्रायर नको, एका बाजूनं तापली की तबकडी वाकते. उन्हात तर मुळीच ठेवू नका. राइट केलेल्या डिस्कमधली माहिती बहुधा सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असते आणि प्रखर ऊन त्या थरालाच मारतं.

आता स्प्रे. मॅट डिस्कचा साठा आधीच घेऊन ठेवला असेल आणि त्याच वापरायच्या असतील, तर स्प्रेला अर्थ आहे. पण कुठलाही वार्निश नव्हे. अ‍ॅसिटोन, टोल्युइन यांसारखे द्रावक पॉलिकार्बोनेटला धुरकट करतात आणि त्यात बारीक भेगा पाडतात. सीडीच्या पातळ लॅकरमधून झिरपले तर परावर्तक थराचंही नुकसान करतात. रंगकामाच्या दुकानातले बरेच पारदर्शक लॅकर याच द्रावकांचे असतात, तेव्हा डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका. इंकजेटच्या छापील फोटोंसाठी बनवलेला संरक्षक अ‍ॅक्रिलिक स्प्रे त्यातल्या त्यात सुरक्षित, आणि तोही आधी वाया गेलेल्या डिस्कवर.

पद्धत: छपाई पूर्ण एक दिवस सुकलेली हवी, नाहीतर आतली ग्लायकॉल कोंडली जाते आणि थर दुधाळ होतो. डिस्क एका सपाट, स्वच्छ आणि डिस्कपेक्षा मोठ्या पुठ्ठ्यावर ठेवा. मधलं छिद्र आणि पकडीचा भाग झाकणारी गोल चकती वर ठेवा. तिथं स्प्रेचा थर बसला तर ड्राइव्हची पकड नीट बसत नाही. डबा २५-३० सेंटिमीटर अंतरावर धरा, फवारा डिस्कच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवा. पहिला हात इतका हलका की काही झालं असं वाटूच नये, कारण स्प्रेतला ओलेपणाही डाय हलवू शकतो. तो सुकला की दुसरा, लागलाच तर तिसरा. एकच जाड हात दिला की तो आखडताना तबकडी ओढतो, आणि मग आपण स्टिकरचाच दोष दुसऱ्या मार्गानं घरी आणलेला असतो. काम मोकळ्या हवेत करा, जवळ ज्योत नको. शेवटी डिस्क उलटी करून खालची बाजू उजेडात तिरकी धरून पाहा. कडेखाली शिरलेला एक शिंतोडाही बाहेरच्या ट्रॅकना पुरतो. शेकड्यांनी डिस्क असतील तर स्प्रेच्या फंदात पडू नका. तिथं थर्मल ट्रान्सफर प्रिंटरवाल्याकडून काम करून घेणं परवडतं. रिबनवरचा रेझिन उष्णतेनं थेट पृष्ठभागावर बसतो आणि त्याला सुकवण लागत नाही. फोटो मात्र इंकजेटइतके चांगले येत नाहीत.

लाइटस्क्राइबचं नाव कुणी सुचवलं तर तो मार्ग सोडून द्या. एचपीनं २००४ मध्ये जाहीर केलेलं ते तंत्र लेझरनं एकरंगी लेबल कोरायचं; त्यासाठीच्या खास डिस्क आता सहज मिळत नाहीत, आणि ती लेबलं उजेडात फिकट पडत.

चाचणी अशी करा. वाया गेलेल्या डिस्कवर खऱ्या डिझाइनचाच तुकडा छापा, ज्यात गडद पट्टा, बारीक अक्षरं आणि फोटोचा भाग असेल. एक दिवस सुकवा. पाण्याचा एक थेंब अक्षरांवर ठेवा, मिनिटभरानं टिश्यूनं न घासता टिपा. दुसऱ्या जागी ओला अंगठा दहा वेळा फिरवा. तिसऱ्या जागी कोरडं सुती कापड जोरात घासा. मग छापील बाजूवर दुसरी डिस्क ठेवून वर जाडजूड पुस्तक ठेवा आणि रात्रभर राहू द्या. अर्धी डिस्क काळ्या कागदानं झाकून खिडकीत काही आठवडे ठेवली की उजेडाची परीक्षाही होते. थेंबाच्या परीक्षेत रंग टिश्यूवर आला तर डिस्क बदला. कोरड्या कापडावर आला तर शाई आणि थराची जोडी चुकली आहे. फक्त वजनाखाली चिकटली तर शाई जास्त आहे किंवा सुकवण कमी.

सगळं नीट केलं तरी डाय शाई उजेडात आणि हवेतल्या ओझोननं हळूहळू उडतेच. म्हणून प्रत्येक डिस्कच्या मधल्या पारदर्शक कड्यावर, जिथं माहिती नसते, डिस्कसाठीच्या पाण्याच्या शाईच्या फेल्ट पेननं क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, आणि तोच क्रमांक वहीत पूर्ण तपशिलासह नोंदवा. बॉलपेन कुठेच नको, त्याच्या टोकाचा दाबच सीडीला पुरेसा आहे. ठेवायला डिस्कला फक्त मध्यावर धरणारी कडक डबी घ्या, म्हणजे छापील बाजूला काहीच टेकत नाही, आणि डब्या कपाटात उभ्या लावा. मऊ प्लॅस्टिकची पाकिटं ग्लॉसी थराला चिकटतात, विशेषतः उन्हाळ्यात. पाकीटच द्यायचं असेल तर कागदी द्या.